ताजमधलं जॅझ आणि आमचे अण्णा



सी. रामचंद्र हा विषय निघाला की मराठी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष 'अनारकली'चा आणि 'ऐ मेरे वतन के लोगों'चा. दुसरा 'अलबेला'चा. पहिला पक्ष दुसऱ्याला मनातून जरा हलकाच समजतो. "ती उडती गाणी सोड गं, ती सगळी इंग्रजीवरून उचललेली!" हे वाक्य मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, शाळेच्या शिक्षकखोलीत तर कितीदा ऐकलं. म्हणणारी माणसं चांगली कानसेन होती, भीमसेन आणि कुमार ऐकणारी होती. पण ह्या एका वाक्यात किती माणसं गायब होतात, ते आज लिहायचं आहे. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे ते 'इंग्रजी' नव्हेच. इंग्रज साहेबाचं त्यात काही नाही. ते संगीत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, म्हणजे गुलामांच्या नातवंडांचं. तिथून ते आपल्या कुलाब्याला ताजमहाल हॉटेलात आलं, तिथून गोव्याच्या पोरांच्या ओठांवर आणि बोटांवर चढलं, आणि मग पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या चालीत उतरलं. चार मुक्कामांचा हा प्रवास. मी इतिहास शिकवला तो शिवकालापासून स्वातंत्र्यापर्यंतचा. जॅझ काही अभ्यासक्रमात नव्हतं. पण निवृत्तीनंतर वेळ भरपूर आणि यूट्यूब फुकट...

सुरुवात न्यू ऑर्लिन्सपासून करायला हवी. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचं हे बंदर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं, आणि १८०३ पासून अमेरिकेचं. मुंबईसारखंच सगळ्या जातीपातींचं गाव. तिथे काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात रविवारी गुलामांना जमायची मुभा असे, आणि ते आफ्रिकेतले ताल वाजवून नाचत. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. (आठच वर्षांनी, १८७३ साली, आपल्या जोतीरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत ही प्रथा मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून त्यांची नजर कुठवर होती बघा.) युद्ध संपल्यावर लष्करी बँडची पितळी वाद्यं स्वस्तात बाजारात आली. ज्यांच्या बापजाद्यांना ढोल वाजवायचीही चोरी होती त्यांच्या हातात कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन आले.

पुढचा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या गावात 'क्रिओल' नावाचा मिश्र वंशाचा समाज होता. फ्रेंच बोलणारा, कॅथलिक, बराचसा सुस्थितीतला. मुलांना कागदावर वाचून व्हायोलिन, क्लॅरिनेट वाजवायला शिकवणारा. हे लोक स्वतःला काळ्या मजुरांपेक्षा वरचे समजत. त्यांच्यातलाच होमर प्लेसी १८९२ साली आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला, त्याला अटक झाली, आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळे डबे ठेवणं घटनेला धरूनच आहे असा निकाल दिला. मिश्र असा की पुरता काळा असा, कायद्यापुढे आता सगळे एकाच डब्यातले! मग पोटासाठी ह्या वाचून वाजवणाऱ्या क्रिओल वादकांना त्या कानाने वाजवणाऱ्या मजूर वादकांशेजारी खुर्ची टाकून बसावं लागलं. एकाकडे शिस्त आणि कागद, दुसऱ्याकडे शेतातली आणि देवळातली आर्त हाक. ह्या दोघांच्या सक्तीच्या शेजारातून जॅझ घडलं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. अन्यायाने काही चांगलं होतं असं मी म्हणत नाही. पण घडलं ते असं.

ही जोडी, म्हणजे वाचणारा आणि कानाचा, लक्षात ठेवा. मुंबईत ती पुन्हा भेटणार आहे.

आता ब्लूज. हा शब्द ऐकून घाबरू नका, मी माझ्या पेटीवर बसवून पाहिलं आहे. बारा खंडांचं एक आवर्तन, प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. पहिले चार खंड षड्जाच्या स्वरमेळावर, पुढचे दोन मध्यमाच्या, दोन परत षड्जाच्या, मग एक पंचमाचा, एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. कवितेची रचनाही तशीच. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचं. जात्यावर बसलेल्या बायका ओळ कशी घोळवून घोळवून म्हणतात ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हे परकं वाटू नये. आणि गंमत गंधाराची. ब्लूजमधला गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी कण्हत राहतो. पियानोवर तो सापडतच नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून काम भागवतात. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला तो चटकन कळतो. माझ्या पेटीवरही तो सापडत नाही हे वेगळं सांगायला नको.

सुरुवातीचे बँड लहान, पाच-सात माणसांचे. कॉर्नेटवाला मूळ चाल धरून ठेवायचा, क्लॅरिनेटवाला तिच्या वरून वेलबुट्टी काढायचा, ट्रॉम्बोनवाला खालून घसरत घसरत टेका द्यायचा. मागे बॅन्जो, ट्यूबा किंवा मोठं बास, आणि ड्रम. सगळे एकाच वेळी आपापलं काहीतरी घालतात आणि तरीही गोंधळ होत नाही. मयतीला हेच बँड जायचे. जाताना संथ शोकगीत, आणि दफन उरकून परतताना नाचायला लावणारी चाल. आमच्याकडे अंधेरी-मरोळच्या गावठाणांत, वसईत, गोव्यात ख्रिस्ती लोकांच्या अंत्ययात्रेत बँड वाजतो तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना निम्मं चित्र तरी डोळ्यापुढे येईल. परतीचा नाच मात्र आपल्याकडे नाही.

त्या पहिल्या पिढीतला दादा माणूस बडी बोल्डन. १९०० च्या आसपास त्याचं कॉर्नेट गाजत होतं. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तिथेच तो १९३१ मध्ये गेला. त्याच्या वादनाची एकही तबकडी आज उपलब्ध नाही. आणि जॅझची म्हणून पहिली तबकडी निघाली ती १९१७ साली, ती कोणाची? 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड' नावाच्या गोऱ्या पोरांची! नावातच 'ओरिजिनल'. फ्रेडी केपर्ड नावाचा काळा कॉर्नेटवाला दुसऱ्यांनी उचलू नये म्हणून बोटांवर रुमाल टाकून वाजवायचा अशी दंतकथा आहे. खरी असो की खोटी, ती का जन्मली असेल ते कळतं.

मग न्यू ऑर्लिन्सचे वादक कामाच्या शोधात उत्तरेला शिकागोला गेले. किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ मध्ये तबकड्या भरल्या, त्यात दुसऱ्या कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा होता. ह्या लुईला कॉर्नेट शिकवलं ते बालसुधारगृहातल्या पीटर डेव्हिस मास्तरांनी. लुईचं नाव जगाला माहीत, डेव्हिस मास्तरांचं किती जणांना? (मास्तरकीचा पेशा, दुसरं काय.) पुढे लुईने सगळ्यांनी एकदम वाजवायच्या त्या पद्धतीतून एकट्याची झेप बाहेर काढली, बाकीच्यांनी मागे धरायचं आणि एकाने रंगवायचं. आपल्या मैफलीच्या जरा जवळ आलं म्हणा ना. १९३० नंतर बँड मोठे झाले, चौदा-पंधरा माणसांचे, सगळं लिहून बसवलेलं, नाचासाठीचं. त्याला स्विंग म्हणतात.

आता आपली मुंबई.

१९३५ साली मिनेसोटाचा लिऑन ॲबी नावाचा व्हायोलिनवादक आपला आठ जणांचा कृष्णवर्णीय बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. ताजमध्ये तोपर्यंत नाचाचे बँड गोऱ्यांचे. ज्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या देशात मोठ्या हॉटेलच्या पुढच्या दाराने जाता येत नव्हतं, ती इथे कोट घालून राजेमहाराजांसमोर वाजवत होती. न्यू यॉर्कच्या प्रसिद्ध कॉटन क्लबात वाजवणारे काळे आणि ऐकणारे फक्त गोरे, असा नियमच होता. बरं, आपण तरी कुठे लागून गेलो होतो? त्याच १९३५ साली १३ ऑक्टोबरला येवल्याला बाबासाहेब हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर करत होते. ताजच्या नाचघरात कुलाब्याचा साहेब आणि पारशी शेठ ज्यांच्या तालावर पाय टाकत होते, त्या वादकांची जात इथे कोणाला ठाऊक नव्हती एवढंच. इतिहास शिकवताना एकाच सालाच्या दोन नोंदी शेजारी ठेवायची मला खोड आहे. ह्या दोन नोंदी मात्र मला फार उशिरा भेटल्या.

ॲबीच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आला. हा म्हातारा कॉर्नेटवाला १९१३-१४ मध्येच जिम युरोपच्या ऑर्केस्ट्रातून तबकड्यांवर वाजलेला, म्हणजे त्या 'ओरिजिनल'वाल्यांच्याही आधीचा. १९३६ मध्ये त्याच्या बँडने 'ताजमहाल' नावाचा एक फॉक्सट्रॉट मुंबईतच तबकडीवर वाजवला. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ सालच्या पुस्तकाचं नाव 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' आहे ते त्यावरूनच. हे पुस्तक इंग्रजीत आहे, पण ज्यांना जमेल त्यांनी जरूर वाचावं. मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं.

तिसरा टेडी वेदरफर्ड. शिकागोत १९२६ साली लुई आर्मस्ट्राँगबरोबर तबकडीवर पियानो वाजवलेला माणूस, त्याच वर्षी बोटीत बसून पूर्वेकडे आला आणि इकडचाच झाला. शांघाय, मुंबई, कोलंबो, मग युद्धकाळात कलकत्ता. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने गेला, चाळिशी नुकती ओलांडली होती. अमेरिकेत थांबला असता तर कुठे पोचला असता असं जॅझवाले हळहळतात.

हे झाले पाहुणे. त्यांना ऐकणारे, त्यांच्याकडून घेणारे कोण? काही अँग्लो-इंडियन, एखादा पारशी (रूडी कॉटन नावाचा सॅक्सोफोनवाला मुळात कावस खटाव), पण मुख्य म्हणजे गोव्याचे ख्रिस्ती. पोर्तुगीजांनी गावोगाव चर्चला जोडून शाळा काढल्या. तिथे मुलगा अक्षरं शिकायच्या वयातच पाच रेषांवरचं संगीत वाचायला शिके, व्हायोलिन हातात धरे, चर्चच्या गायनात उभा राही. पोर्तुगीजांबद्दल आपण शाळेत काय काय शिकवलं ते आहेच, तेही खोटं नाही. पण ह्या शाळांतून निघालेल्या पोरांना गोव्यात काम नव्हतं. ती मुंबईला आली, धोबीतलावच्या 'कुड्डां'त, म्हणजे आपापल्या गावाच्या खोल्यांत, एकेक पेटी ठेवून राहिली, आणि पोलिसांच्या बँडपासून मूक चित्रपटांच्या ऑर्केस्ट्रापर्यंत मिळेल तिथे वाजवू लागली. इंग्रजी हॉटेलांना वाचून वाजवणारा माणूस हवा होता, आणि तसा हिंदुस्थानात एवढ्या संख्येने गोव्याचाच होता.

हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ त्यातलाच. जन्म १९१६. ट्रम्पेट वाजवायचा, आर्मस्ट्राँगचा भक्त, आवाजही तसाच खरखरीत काढायचा. नाव घेतलं 'चिक चॉकलेट'. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ग्रीन्स हॉटेलात वाजवायचा, ताजमध्ये वाजवायचा. ग्रीन्स म्हणजे ताजच्या शेजारचं, आता तिथे ताजची उंच इमारत आहे. त्याच काळात कराचीहून आलेले मिकी कोरिया १९३९ पासून १९६० पर्यंत ताजचा बँड सांभाळत होते. एकवीस वर्षं! शिक्षकाच्या नोकरीतही एका शाळेत इतकं टिकणं कठीण.

मग मुंबईत दारूबंदी आली. १९४९ चा कायदा, आणि एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी. मोरारजीभाईंच्या ह्या पावलाचे परिणाम सगळ्यांना ठाऊक आहेत. आंटीचे गुत्ते वगैरे. पण संगीतावरचा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. इंग्रज गेले, संस्थानिक गेले, आणि आता ग्लासही गेला. हॉटेलांचे बँड आटले. ज्यांच्या बोटांत जॅझ होतं ती माणसं सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जाऊ लागली. माझ्या मते हिंदी चित्रपट संगीताचा तो भरगच्च आवाज घडण्यात ह्या कायद्याचा मोठा हात आहे. मोरारजीभाईंना हे सांगितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

आणि तिथे भेटले आमचे अण्णा, म्हणजे चितळकर. जन्म १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. शिक्षण शास्त्रीय गायनाचं. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी रविवारचं ते गाणं केलं आणि सगळा देश डोलला, शिष्ट लोक सोडून. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला. (पुढे मदनमोहनकडेही होता.) १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून. पुढे नाचतात आपले भगवानदादा पालव, परळ-दादरच्या गिरणगावात वाढलेले. मागे ट्रम्पेट धरून उभा आहे हळदोण्याचा चिक, चाल आहे पुणतांबेकरांची, आणि फुंक आहे न्यू ऑर्लिन्सची. ह्या एका दृश्यात केवढा नकाशा मावला आहे! आणि आपण म्हणणार, "इंग्रजीवरून उचललेलं."

आता 'उचलले'चं काय, ते स्पष्ट बोलू. काही उचललेलं आहेच. १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' हे १९४५ च्या 'डॉल फेस' ह्या अमेरिकन चित्रपटातल्या 'चिको चिको' गाण्यावरून आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण उचलेगिरीचा न्याय करायचा तर सगळ्यांचा करा. ड्यूक एलिंग्टनचं १९२७ चं 'क्रिओल लव्ह कॉल' जगभर गाजलं. ती चाल एलिंग्टनकडे आणली त्याच्या बँडमधल्या रूडी जॅक्सनने, स्वतःची म्हणून. मुळात ती किंग ऑलिव्हरच्या 'कॅम्प मीटिंग ब्लूज'मधली, १९२३ ची. ऑलिव्हरने दाद मागितली, पण कागदपत्रांच्या घोळात त्याला काही मिळालं नाही. आणि पुढे हाच रूडी जॅक्सन टेडी वेदरफर्डबरोबर आपल्याकडे हिंदुस्थानात वाजवत होता! तेव्हा चाली इकडून तिकडे जाण्याचं काम तिकडच्या दादांनीही केलेलं आहे. म्हणून एलिंग्टन लहान होतो का? नाही होत. त्याने त्या चालीचं काय केलं ते ऐकावं. तोच न्याय अण्णांना का नको?

पण माझं खरं भांडण चालीवरून नाहीच, ते पुढच्या गोष्टीवरून आहे. आपली चाल म्हणजे एक रेघ. गायक गातो, सारंगी किंवा पेटी त्याच्या मागे मागे जाते. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा, तीही कानानेच. ती पन्नास वादकांसाठी पाच रेषांवर कोणी लिहायची? व्हायोलिन इथे काय वाजवतील, चेलो कुठे उतरेल, दोन ओळींच्या मधे ट्रम्पेट काय बोलेल, हे सगळं गोव्याचा 'अरेंजर' लिहायचा. वाचणारा आणि कानाचा... न्यू ऑर्लिन्सची ती जोडी आठवली का? तिथे कायद्याने एका डब्यात बसवलं, इथे पोटाने.

ह्या अरेंजर मंडळींत मला सर्वांत मोठे वाटतात ते सेबॅस्टियन डिसोझा. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचे, नंतर मुंबईत आले. १९५२ पासून १९७५ पर्यंत शंकर-जयकिशनचं अरेंजिंग त्यांचं, ओ. पी. नय्यरचंही केलं. लताबाई गात असताना मागून व्हायोलिनांची एक दुसरीच चाल हळूच निघते, मुख्य चालीला धक्का न लावता तिच्या बाजूने चालते आणि ओळ संपताना येऊन मिळते. वादक तिला 'ऑब्लिगाटो' म्हणत. सेबॅस्टियन यांची ती खासियत. शंकर-जयकिशनचं कुठलंही दुःखी गाणं लावा आणि लताबाईंना मुद्दाम न ऐकता फक्त मागचं ऐका. मी स्वयंपाक करताना हा खेळ खेळते. पोळी करपते, पण मजा येते.

ह्या माणसांना आपण काय म्हणत होतो? एक प्रसंग सांगते. १९७० च्या दशकात मी उपनगरातल्या एका मराठी शाळेत नोकरीला लागले, तेव्हा माझ्या वर्गात जवळच्या गावठाणातला एक ईस्ट इंडियन मुलगा होता. घरी मराठीच बोलायचा, आपल्यापेक्षा जुन्या वळणाची, अगदी कोळ्या-आगऱ्यांच्या जवळची. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवत आणि बोलावणं आलं की रेकॉर्डिंगलाही जात. पटावर 'वडिलांचा व्यवसाय' ह्या रकान्यात त्याने 'म्युझिशियन' सांगितलं. कार्यालयातल्या बाबूने हसून 'बँडवाला' लिहिलं. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, माजा बाबा वाचून वाजवतो." एवढंच. मी तो रकाना खोडून 'वादक' लिहिलं, त्यावर बाबू चार दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या मुलाचं ते वाक्य मला तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं. 'वाचून' ह्या शब्दात चारशे वर्षांचा इतिहास आहे हे कळायला पुढची पुस्तकं वाचावी लागली.

'बँडवाला' हा शब्द आपल्याकडे वरातीपुरताच. शहनाईवाल्याला उस्ताद म्हणतो, ट्रम्पेटवाल्याला अरे-तुरे करतो. गायकाचं नाव तबकडीवर, संगीतकाराचं नाव तबकडीवर, गीतकाराचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि अरेंजर जमलं तर चित्रपटाच्या नामावलीत 'सहायक' म्हणून धावत्या अक्षरांत. १९५७ च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका' मोठ्या माणसालाही पाठ असतं. त्यात दोन अस्सल कोंकणी शब्द मधेच उडी मारून येतात, ते अण्णांचे गोव्याचे सहायक जॉन गोम्स यांनी घातलेले. म्हटलं तर ती त्यांची सहीच.

बाकीचं भराभर सांगते. पन्नास-साठच्या दशकांत अमेरिकन सरकारनेच आपले जॅझवाले जगभर पाठवले, रशियाला शह म्हणून. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आला, १९६३ मध्ये एलिंग्टन, १९६४ मध्ये खुद्द आर्मस्ट्राँग. ज्यांना घरी समान हक्क नव्हते त्यांना बाहेर स्वातंत्र्याचे दूत म्हणून फिरवलं, हा विरोधाभास त्यांनाही कळत होता. दारूबंदी सैल झाल्यावर चर्चगेटच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत पुन्हा बँड वाजू लागले. तिथे ख्रिस पेरी आणि लोर्ना ह्या जोडीने कोंकणी गाण्यांत जॅझ ओतलं. दोघांचं बिनसल्यावर लोर्ना कित्येक वर्षं गायलीच नाही, १९९५ मध्ये परतली. 'नाचोम-इया कुंपासार' हा कोंकणी चित्रपट त्यांच्या गोष्टीवर बेतलेला आहे, मिळाला तर सोडू नका. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी रईस खानांची सतार घेऊन 'राग-जॅझ स्टाइल' नावाची तबकडी काढली. मला ती सुरेख वाटते, आमच्या घरातल्या शास्त्रीय पक्षाला नाही. १९७८ पासून निरंजन झवेरींनी रंगभवनात 'जॅझ यात्रा' भरवली. तेव्हा बोरिवलीहून धोबीतलावला रात्री जाऊन येणं आम्हा संसारी बायकांना कुठलं जमायला! चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेला होता. पन्नाशीचा होता.

भगवानदादांचं ठाऊकच आहे सगळ्यांना. जुहूचा बंगला, गाड्या, मग सगळं जाऊन दादरची चाळ, २००२ मध्ये निधन. त्यांच्यावर २०१६ साली 'एक अलबेला' नावाचा मराठी चित्रपट आला. मागे ट्रम्पेट घेऊन उभा असलेल्या माणसावर मराठीत एखादा लेखही मला दिसला नाही, म्हणून हा उद्योग.

एका माणसाबद्दल सांगायचं राहिलं. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या त्या गाण्यामुळे 'अँथनी गोन्साल्विस' हे नाव पोरासोरांच्या तोंडी झालं. अंड्यातून निघणारा अमिताभ डोळ्यापुढे येतो ना? पण हे नाव खऱ्या माणसाचं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा, व्हायोलिनवादक आणि अरेंजर. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना व्हायोलिन त्यांनी शिकवलं, म्हणून प्यारेलालनी गुरूचं नाव गाण्यात घातलं. १९५८ मध्ये ह्या गोन्साल्विस यांनी पदरचे पैसे घालून 'इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा' उभा केला, झेवियर कॉलेजच्या चौकात त्याचा कार्यक्रम झाला, त्यात लताबाई आणि मन्ना डे गायले. राग कायम ठेवून त्याला पाश्चात्त्य स्वरमेळ कसा द्यायचा, हा त्यांचा ध्यास. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, नंतर परत येऊन माजोर्ड्याला घरी राहिले, सिनेमात पुन्हा वाजवलं नाही. २०१२ च्या जानेवारीत गेले. त्यांच्यावर माहितीपट केला तो आपल्या अशोक राणे यांनी.